एस्तेरही आधी कचरली होती

“मुलगी शाळेत आपण ज्यू आहोत हे सांगायला घाबरते. पुरीम सणाच्या नाटकात तिला राणी एस्तेरची भूमिका मिळाली, तर तिची भीड चेपेल का?” ठाण्यातील एका बेने इस्राएल (महाराष्ट्रातील मराठी बोलणारा ज्यू समाज) आईने विचारलेला हा प्रश्न अल्पसंख्य समाजातील अनेक पालक निरनिराळ्या शब्दांत विचारतात. (ओळख पटू नये म्हणून येथील तपशील बदलले आहेत.)

मुलगी सातवीत होती. आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेले आणि घरची भाषा मराठी, त्यामुळे तिचा धर्म वर्गात कोणाच्या लक्षातही आला नव्हता. पुढे बातम्यांत इस्रायलचे युद्ध सतत दिसू लागले, एका मुलाने तिला त्यावरून डिवचले आणि तेव्हापासून ती सणासाठी घेतलेल्या रजेचेही खरे कारण सांगेनाशी झाली.

घाबरलेल्या मुलाला थेट मुख्य भूमिका देणे मला पटत नाही. या वयात चारचौघांत फजिती होण्याची धास्ती फार मोठी असते आणि पाठ केलेल्या शूर संवादांनी ती जात नाही. म्हणून नाटक बसवणाऱ्या ताईंसोबत मी बायबलमधील मूळ कथाच पुन्हा वाचली. पर्शियाची राणी एस्तेर आपले यहुदीपण लपवून राहते. प्रधान हामान सर्व यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम काढतो, तेव्हा तिला वाढवणारा चुलतभाऊ मर्दखय तिला राजाकडे जाण्याची गळ घालतो. मुलांच्या नाटकांत ती सहसा लगेच निघते. ग्रंथात मात्र ती आधी कचरते: न बोलावता राजापुढे जाणाऱ्याला देहदंड आहे आणि मला तर तीस दिवसांत बोलावणे आलेले नाही, असे ती कळवते. मर्दखयाचा दुसरा निरोप आल्यावर ती तयार होते, तीही राजधानी शूशनमधील सर्व यहुद्यांनी आपल्यासाठी तीन दिवस उपवास करावा असे सांगून. मुलांना धैर्य शिकवायचे असेल, तर हा कचरण्याचा आणि सोबत मागण्याचा भाग गाळून चालणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे निरोप नेणारा सेवक हथाक. मुलीने स्वतःहून हीच भूमिका निवडली. दोन्ही बाजूंचे बोलणे तिच्याच तोंडी आले आणि राणीची भीती मोठ्याने सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला.

त्यानंतर आम्ही तालमीत शाळेचा प्रसंग उभा केला. याकोब मोरेनो (1889–1974) या ज्यू मनोविकारतज्ज्ञाने व्हिएन्नातील उत्स्फूर्त नाट्यप्रयोगांतून मनोनाट्य ही नाट्यातून उपचार करण्याची पद्धत विकसित केली. त्यातील भूमिकांची अदलाबदल येथे उपयोगी पडली. ती झाली प्रश्न विचारणारी वर्गमैत्रीण आणि दुसरी मुलगी झाली ती. “तुझं आडनाव तर मराठी आहे, मग तू ज्यू कशी?” हे स्वतः विचारताना तिला जाणवले की असे विचारणाऱ्या पुष्कळांना खरोखरच काही ठाऊक नसते. मग तिने स्वतःचे उत्तर बसवले: “आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत.” मुद्दाम डिवचणाऱ्या मुलासाठी मात्र वेगळी तजवीज केली. त्याच्याशी वाद न घालता मैत्रिणीला सोबत घेऊन वर्गशिक्षिकांकडे जायचे, याचीही तालीम झाली. मोठ्यांची मदत मागणे हा मी धैर्याचाच भाग मानतो.

प्रयोगात तिचा आवाज कापत होता, तरी निरोप पूर्ण पोहोचले. पुढे पेसाख या ज्यू सणाच्या रजेच्या अर्जावर तिने खरे कारण लिहिले आणि वर्गात कोणी विचारले तेव्हा शनवार तेल्यांची हकीकत सांगितली. तो मुलगा पुन्हा बोलला, तेव्हा ती ठरल्याप्रमाणे शिक्षिकांकडे गेली.

पालकांनी प्रयोगानंतर “घाबरलीस का?” असे विचारण्याऐवजी “कोणता संवाद म्हणायला आवडला?” असे विचारावे. शाळेच्या दिवशी पोटदुखी, झोप उडणे किंवा शाळा टाळणे आठवडेच्या आठवडे सुरू राहिले, तर केवळ नाटकावर विसंबू नये, तज्ज्ञांना भेटावे. पुढच्या वर्षी एस्तेर करायची की नाही, हे या आईने आता मुलीवर सोपवले आहे.