'यकृतातील प्राणाचे स्तंभन' की यकृताची छी कोंडणे?

चिनी पारंपरिक वैद्यकातल्या भावनांच्या विचारावर एक इंग्रजी लेख मराठीत आणणाऱ्या एका अनुवादकाने विचारलं आहे: 'लिव्हर छी स्टॅग्नेशन' (यकृताची छी, म्हणजे चिनी वैद्यकानुसार शरीरात वाहणारी जीवनशक्ती, अडून राहणे) हा प्रयोग लेखात सतत येतो. मी 'यकृतातील प्राणाचे स्तंभन' असं केलं, पण वाचणाऱ्यांना तो यकृताचा आजार वाटतो. मूळ लेखात तर चिडचिड, उसासे, उदासी यांचं वर्णन आहे. योग्य शब्द कोणता?

सगळ्यात आधी 'स्तंभन' काढून टाका. आयुर्वेदात स्तंभन हा उपचार आहे. लंघन, बृंहण, रूक्षण, स्नेहन, स्वेदन आणि स्तंभन असे सहा उपक्रम चरकसंहितेत सांगितले आहेत. तुमच्या वाक्यात तोच शब्द रोगासाठी आला आहे, त्यामुळे जाणकार वाचक पहिल्याच ओळीत अडखळेल.

'प्राण'ही नको. आपल्याकडे प्राण म्हटला की अपान, व्यान, उदान, समान हे त्याचे चार भाऊ मागोमाग येतात. छीचा पसारा वेगळाच आहे. हवामानाच्या चिनी शब्दात छी आहे, हवेच्या शब्दात आहे आणि रागावण्याच्या शब्दातही आहे: 'शंग छी', म्हणजे शब्दशः छी उत्पन्न होणे. 'वायू' म्हणावं तर 'वारा' हे चिनी वैद्यकात रोगाचं निराळंच कारण मानलेलं आहे. म्हणून छी हा शब्द तसाच ठेवावा. उच्चार महाप्राण असल्याने 'ची'पेक्षा 'छी' जवळचा, शिवाय 'यकृताची ची' असं लिहिण्याची वेळ येत नाही.

खरी गंमत 'स्टॅग्नेशन'मध्ये आहे. इथे मूळ चिनी शब्द 'यू'. त्याचं जुन्या लिपीतलं अक्षर 29 रेघांचं आहे आणि त्याचा एक जुना अर्थ आहे गच्च, दाट झाडी. त्यावरून गुदमरलेल्या, साचून राहिलेल्या भावनेचा अर्थ आला. मराठीत 'दाट' आणि 'दाटणे' यांचं नातं अगदी असंच नाही का? रानही दाट असतं आणि कंठही दाटून येतो. म्हणून मला आधी 'दाटणे' सुचलं होतं. पण दाटून आलेलं बहुधा डोळ्यांवाटे वाहून जातं. 'यू'मध्ये ते वाहत नाही, आतच राहतं. त्याला मराठी क्रियापद 'कोंडणे'. धूर कोंडतो, श्वास कोंडतो, वाफ कोंडते, मनाचा कोंडमारा होतो. छीच्या जुन्या अक्षरात वर वाफेचं चिन्ह आणि खाली तांदळाचं आहे, आणि शिजत्या भाताची वाफ असं त्याचं स्पष्टीकरण पुष्कळदा दिलं जातं. तेव्हा छी कोंडते असं म्हणणं मला फारच चपखल वाटतं.

याला एक मर्यादा आहे. झू दानशी (1281–1358) या वैद्याने सहा प्रकारचे 'यू' सांगितले. त्यांत छी आणि उष्णतेबरोबर ओलावा, कफ, रक्त आणि अन्नही आहे. अन्न कोंडत नाही, तुंबतं. कफ साचतो. तिथे एकच क्रियापद रेटू नका.

'नैराश्य' मात्र टाळा. तो आजच्या मनोविकारशास्त्रातल्या आजाराचा शब्द झाला आहे, आणि त्या आजाराच्या माणसाला डॉक्टरच गाठायला हवा. 'यू'ची व्याप्ती निराळी आहे. त्यात बरगड्यांखालचा ताण येतो, सारखे सुटणारे सुस्कारे येतात आणि घशात काही अडकल्याची भावनाही येते. तिला चिनी नाव आहे 'आलुबुखाराच्या कोयीची छी': गिळली जात नाही, थुंकताही येत नाही. आपल्या 'आवंढ्या'ची आठवण होते, पण आवंढा गिळता येतो.

'यकृत' शब्द राहू द्या, फक्त पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगा की हे रक्तचाचणीतलं यकृत नव्हे. चिनी मांडणीत प्रत्येक अवयवाकडे एक भावना आहे: यकृताकडे राग, हृदयाकडे हर्ष, प्लीहेकडे चिंतन, फुप्फुसाकडे शोक, मूत्रपिंडाकडे भय. 'ह्वांगदी नेइजिंग' या प्राचीन ग्रंथात भावनांनी छीचं काय होतं तेही दिलं आहे, आणि ते मराठीत किती सहज उतरतं पाहा: रागाने छी वर चढते, भयाने खाली जाते, दचकल्याने सैरभैर होते, अति विचाराने तिची गाठ बसते. रागाचा पारा चढणं आणि मनात गाठ बसणं आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

उपचाराच्या वर्णनात जिथे 'लिव्हर छी'ला वाट करून देण्याची क्रिया येईल, तिथे 'मोकळी करणे' वापरा. म्हणजे तुमचं वाक्य असं होईल: 'राग गिळत राहिलं की यकृताची छी कोंडते, ती मोकळी करणं हा या औषधाचा हेतू.'