पहिली साइट सपाट करायची घाई नको

अगं आर्किटेक्ट म्हणून तुझं पहिलंच घराचं काम आणि ते पण चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला, नशीबवान आहेस, पण जेसीबी लगेच बोलवू नको. मी माझ्या पहिल्या फार्महाऊसला उतार कापून सपाट केला होता, पहिल्याच पावसात डोंगराचं पाणी थेट हॉलमध्ये, मालक खाटेवर पाय वर घेऊन बसलेले. शेजारच्या शेतकऱ्याला आधी विचार, पाणी कुठून वाहतं ते.

मेरी कोल्टर या अमेरिकन आर्किटेक्टचं काम बघ एकदा. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर १९१४ साली तिचा लुकआउट स्टुडिओ झाला, तिथलाच दगड आणि छताची कड मुद्दाम ओबडधोबड, लांबून कडाच वाटतो. तिथलाच तिचा १९३२ चा वॉचटॉवर तर ७० फूट उंच, आत स्टीलचा सांगाडा आहे पण बाहेरचे दगड असे लावलेत की ऊनपावसाने झिजलेली बाजूच दिसते, टाकीचे ताजे घाव नाहीत. आणि हे त्या काळात, जेव्हा या धंद्यात बायका बोटावर मोजण्याइतक्या!

तिचा टॉवर कॉपी करू नको हां, इथे विचित्र दिसेल. आपल्याकडे काळा दगड आहे, गवंड्याला सांग फार घडवत बसू नको म्हणून. जुनी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं बघून ये, मे महिन्यात पारा ४५ ला गेला तरी त्या जाड मातीच्या भिंतींच्या आत बसवतं. खाली काळी माती लागली तर पाया मुरुमापर्यंत ने, ती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात फुगते.

आणि ते कडुनिंबाचं झाड, प्लॅनमध्ये मधे येतंय म्हणालीस ते, भिंत सरकव.