डीबी-टू : डिस्क रिकामी, तरी लॉग भरलेला

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा डेटा आयबीएमच्या डीबी-टू या डेटाबेसवर आहे. जुन्या 40 लाख नोंदी एकाच डिलीटने काढायला गेलो, तर 'एसक्यूएल 0964 सी, ट्रान्झॅक्शन लॉग भरला' असा एरर आला. डिस्कवर तर भरपूर जागा आहे. मग भरले काय? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : लॉग म्हणजे डेटाबेस प्रत्येक बदलाची नोंद ज्यात ठेवतो त्या फाइली. भरली ती त्यांना आखून दिलेली जागा. सेटिंग्ज दाखवणारा 'गेट डीबी सीएफजी' आदेश चालवून तीन आकडे बघा: लॉग फाइलचा आकार, लॉगप्रायमरी (कायमच्या फाइलींची संख्या) आणि लॉगसेकंड (गरज पडल्यास वाढणाऱ्या फाइलींची संख्या). आकार 4 केबीच्या पानांत मोजतात. समजा 1024, 13 आणि 12 असे आकडे आहेत, तर 4 एमबीच्या 25 फाइली, एकूण 100 एमबी. म्हणजे तुमच्या एकेका ओळीच्या वाट्याला जेमतेम 25 बाइट आले. त्यात ती ओळ, तिच्या इंडेक्सच्या (ओळी पटकन शोधायच्या सूचीच्या) नोंदी आणि रोलबॅकसाठी, म्हणजे बदल मागे घेण्यासाठी, राखलेली जागा, एवढे मावणे शक्यच नाही.

डिलीट तुकड्यांनी करा. 'फेच फर्स्ट 10000 रोज ओन्ली' घातलेल्या सबक्वेरीवर डिलीट चालवा, लगेच कमिट करा (बदल पक्के करा), आणि ओळी संपेपर्यंत हेच पुन्हा. 400 फेऱ्या होतील. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर मात्र प्रत्येक फेरीत अख्खे टेबल चाळले जाईल, तेवढे आधी तपासा.

तुकडे करूनही एरर येतो? मग दोषी बहुधा दुसराच कुणी असतो. ऑटो-कमिट बंद ठेवून कुणी एका ओळीचा अपडेट केला आणि खिडकी उघडी टाकून जेवायला गेला, तरी लॉग अडतो. कारण सर्वांत जुना अपुरा व्यवहार (कमिट न झालेले ट्रान्झॅक्शन) ज्या फाइलीत सुरू झाला, तिच्यापासून पुढची एकही फाइल डीबी-टूला पुन्हा वापरता येत नाही. 'मॉन गेट ट्रान्झॅक्शन लॉग' या फंक्शनमध्ये हा व्यवहार धरून बसलेल्या ॲप्लिकेशनचा हँडल क्रमांक मिळतो. त्या माणसाला आधी फोन करा. नाहीच सापडला, तर 'फोर्स ॲप्लिकेशन' आदेशाने त्याचे कनेक्शन तोडा; त्याचे अपुरे काम मग रोलबॅक होते. काम मोठे असेल तर रोलबॅकला वेळ लागतो, तेव्हा घाईने सर्व्हर मारू नका. मारलात तर तीच उलटी उजळणी पुन्हा चालू करताना होते, आणि तोवर सगळेच खोळंबतात.

लॉगसेकंड चालू डेटाबेसवरही वाढवता येतो. तातडीला उपयोगी, पण त्याने दुखणे बरे होत नाही.

प्रश्न : लोटस नोट्स या ईमेल सॉफ्टवेअरचे लायसन्स आयबीएमकडूनच घ्यायचे ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. नोट्स आणि त्याचा सर्व्हर डॉमिनो 2019 पासून एचसीएल या कंपनीकडे आहेत. नूतनीकरण आणि सपोर्ट दोन्हींसाठी तिथेच जा.