हृदयातील न लागलेली कडी आणि मेंदूतील पांढरे ठिपके

प्रश्न : माझा 21 वर्षांचा मुलगा व्यावसायिक वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. तारकर्लीला हौसेने एकदा पाण्याखाली उतरल्यापासून त्याला स्कूबाचे वेड लागले आणि पुढे रीतसर शिकून त्याने तीसेक बुड्या मारल्या. दुचाकीवरून पडल्यामुळे केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूत दोन बारीक पांढरे ठिपके दिसले, आणि त्यांचे कारण शोधताना हृदयात ‘पीएफओ’ हे छिद्र असल्याचे कळले. त्याला कधीच कसलाही त्रास झालेला नाही. हे ठिपके छिद्रामुळे पडले का? त्याने विमान उडवणे सोडावे का? छिद्र बुजवून घ्यावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ‘छिद्र’ या शब्दाने घरात घबराट होते, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. गर्भाला फुप्फुसाने श्वास घ्यायचा नसल्यामुळे त्याच्या हृदयात उजव्या कर्णिकेतून (वरच्या कप्प्यातून) डाव्या कर्णिकेत रक्त जाण्यासाठी एक झडपेसारखी वाट असते. जन्मानंतर ही झडप मिटते आणि बहुतेकांमध्ये कायमची चिकटते. परंतु सुमारे चौघांपैकी एका प्रौढात ती चिकटत नाही. यालाच पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हाले) म्हणतात. दार लोटलेले असते, कडी तेवढी लागलेली नसते. दोन कर्णिकांमधल्या पडद्याचा काही भागच नसणे हा जन्मजात दोष निराळा असून त्याच्याशी याची गल्लत करू नये.

पाणबुड्याच्या बाबतीत या कडीला महत्त्व येते. समुद्रात दहा मीटर खाली गेल्यावर शरीरावरील दाब दुप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात व ऊतींत अधिक विरघळतो. वर येताना दाब उतरला की त्याचे बुडबुडे अशुद्ध रक्तात तयार होतात, अगदी नियम पाळून केलेल्या बुडीनंतरही. एरवी फुप्फुसे त्यांना गाळून टाकतात. मात्र झडप उघडी असलेला माणूस पाण्याबाहेर आल्याबरोबर जड सिलिंडर उचलून, श्वास कोंडून, कुंथत बोटीची शिडी चढला, तर उजव्या कर्णिकेतला दाब क्षणभर वाढतो, दार ढकलले जाते आणि बुडबुडे थेट मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात शिरू शकतात.

ठिपक्यांचे मूळ मात्र इतके सरळ सांगता येत नाही. 1997 मध्ये जर्मनीतील 87 हौशी पाणबुड्यांच्या तपासणीत मेंदूत अनेक ठिपके असण्याचा संबंध मोठ्या पीएफओशी आढळला. उलट 2001 मध्ये स्वित्झर्लंडमधील अभ्यासात 52 पाणबुड्यांची तुलना पाण्यात न उतरणाऱ्या 52 जणांशी केली, तेव्हा झडप मिटलेल्या पाणबुड्यांतही ठिपके अधिक दिसले. त्याशिवाय उच्च रक्तदाब, धूम्रपान, अर्धशिशी किंवा नुसते वाढते वय यांमुळेही असे ठिपके दिसतात. दोन ठिपके पाहून त्यांचा दोष छिद्राच्या माथी मारण्याइतका पुरावा आपल्या चिरंजीवांच्या बाबतीत नाही.

वैमानिकांविषयीची भीती अमेरिकी हवाई दलाच्या यू-2 या टेहळणी विमानांमुळे पसरली आहे. ही विमाने 70,000 फुटांवरून जातात आणि त्यांच्या कॉकपिटमधला दाब पूर्वी जवळजवळ एव्हरेस्टच्या माथ्यावरील दाबाइतका विरळ असे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 102 यू-2 वैमानिकांच्या मेंदूत असे ठिपके तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले, आणि ज्यांना उड्डाणात कधीच त्रास जाणवला नव्हता त्यांच्यातही ते होते. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 8,000 फुटांच्या उंचीपेक्षा विरळ होऊ दिला जात नाही. तेवढ्या बदलाने निरोगी, पाण्यात न उतरलेल्या माणसाच्या रक्तात धोकादायक बुडबुडे होत नाहीत. तेव्हा केवळ या अहवालावरून विमान सोडण्याचे कारण मला दिसत नाही. निर्णय अर्थात वैमानिकांच्या अधिकृत वैद्यकीय परीक्षकाचा. त्यांच्यापासून अहवाल दडवू नये, एवढे मात्र बजावून सांगतो.

छिद्र बुजवण्याची घाई नको. मांडीच्या शिरेतून नळी घालून ते बंद करता येते, पण तोही एक हस्तक्षेपच आहे. बुडीनंतर चक्कर, हातपाय लुळे पडणे, दिसण्यात बिघाड किंवा अंगावर संगमरवरासारखी जाळी उमटणे असे काही घडले असेल, तेव्हा तो विचार होतो. तूर्त हाताच्या शिरेतून सलाईनचे सूक्ष्म बुडबुडे सोडून झडप किती उघडते, हे पाहणारी इको तपासणी पूर्णपणे झाली आहे का, ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. तोवर बुड्या थांबवाव्यात. पुढे परवानगी मिळालीच, तर उथळ आणि दिवसाला एकच बुडी मारावी, आणि सिलिंडर दुसऱ्याने उचलावा.

एक गोष्ट मात्र त्याच्या दोन्ही आवडी एकत्र आल्यामुळे सांगावी लागते. साध्या एका बुडीनंतर किमान 12 तास आणि लागोपाठ अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांत केबिनमधला दाब राखण्याची सोयही नसते. त्यामुळे रविवारी तारकर्लीला बुड्या आणि सोमवारी सकाळी उड्डाण, असा बेत त्याने आखू नये.