दालनातला पडदा

चि.
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कलासंग्रहालयात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवून आणण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मला मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेली पहिल्या वर्षाची यादी मी दोनदा वाचली. तिच्यातले बाराही कथापट उत्तम आहेत. परंतु ती यादी कोणत्याही फिल्म सोसायटीची असू शकली असती, आणि माझी हरकत नेमकी तेवढीच आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून जागतिक सिनेमा दाखवीत आले आहे, आणि आता तर तो घरबसल्याही पाहता येतो. तुझ्या प्रेक्षकाला मात्र पडद्यापाशी पोहोचण्याआधी तीन-चार दालने ओलांडून यावे लागते, आणि वाटेत पाहिलेली चित्रे डोळ्यांत घेऊनच तो खुर्चीवर बसतो. हा लाभ दुसऱ्या कोणत्याही आयोजकाकडे नाही. चित्रपटांची निवड त्या वाटेचा विचार करून व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

संग्रहालयात चित्रपट कसा पाहावा, हे लोकांना आपोआप कळत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३५ साली फिल्म लायब्ररी स्थापन केली आणि आयरिस बॅरी तिथल्या पहिल्या क्युरेटर झाल्या, तेव्हा चित्रांसमोर अदबीने उभे राहणारे प्रेक्षक जुने मूकपट लागले की हसत, गोंगाट करीत. शेवटी गोंगाट थांबला नाही तर खेळ बंद केला जाईल, अशी सूचना देणारी एक स्लाइडच बाईंना तयार ठेवावी लागली. तुझ्यावर ती वेळ येणार नाही. आजचा प्रेक्षक हसत नाही. तो अंधारात फोन उघडून बसतो, इतकेच.

तुझ्या यादीत मुंबईच्या चित्रकारांनी स्वतः केलेला एकही चित्रपट नाही, याचे मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले. मकबूल फिदा हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेसाठी राजस्थानात चित्रित केलेल्या लघुपटाला १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळाले. अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९ साली मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप ही चित्रकार आणि चित्रपटकारांनी एकत्र प्रयोग करण्याची कार्यशाळा उभी केली, आणि नलिनी मलानी यांनी ऐन तरुणपणी तिथेच कॅमेऱ्याशी आपले पहिले प्रयोग केले. पदमसींचा ‘सिझिजी’ हा रेषा आणि बिंदूंच्या रेखाटनांतून साकारलेला छोटा मूकपट आहे. त्यांच्या दुसऱ्या चित्रपटाची तर एकमेव प्रत हरवून गेली. हे सारे आपल्याच शहरात, आपल्याच चित्रकारांनी केलेले काम आहे. ते कलासंग्रहालयाने दाखवायचे नाही, तर कोणी दाखवायचे?

पहिला कार्यक्रम तय्यब मेहता यांच्या ‘कूडल’चा कर, असे मी आग्रहाने सुचवतो. १९७० सालचा हा लघुपट पाऊण तासाच्याही आत आटोपतो, त्यामुळे चर्चेला भरपूर वेळ उरतो. त्यातला मोठा भाग वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रित झालेला आहे, आणि दोर बांधून जखडलेला बैल हा मेहतांच्या कॅनव्हासवर आयुष्यभर पुन्हा पुन्हा येणारा विषय आहे. तुमच्या संग्रहात त्यांचे चित्र नाही आणि आजच्या किमती पाहता कोणी उसने देईल असेही वाटत नाही. तेव्हा चांगल्या छपाईचा एखादा चित्रसंग्रह दाराशी टेबलावर उघडून ठेव, त्यावर नीट प्रकाश पडेल असे पाहा आणि लोकांना आत शिरण्याआधी तिथे थोडे रेंगाळू दे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाण्यापूर्वी मेहता ताडदेवच्या फेमस स्टुडिओत चित्रपटांच्या संकलनाचे काम करीत असत. ज्या हातांनी फिल्म कापून जोडली, त्याच हातांनी १९६९च्या सुमारास कॅनव्हास एका तिरप्या रेषेने दुभंगला आणि मनुष्याकृती त्या रेषेच्या दोन बाजूंना विभागली. या दोन गोष्टींचा संबंध आहे, ही माझी अटकळ आहे, सिद्धान्त नव्हे. पण अशी एक अटकळ प्रेक्षकांसमोर ठेवली आणि ती खोडून काढायला त्यांना मोकळीक दिली, की तासभराची चर्चा सहज उभी राहते.

चर्चेचा पहिला प्रश्न ‘चित्रपट कसा वाटला’ हा असू नये. त्याला ‘छान वाटला’ किंवा ‘अंगावर आला’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि एकदा मत देऊन झाले की माणूस त्या मताची राखण करीत बसतो. त्याऐवजी काय दिसले ते विचार. कोणते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही, त्यात कॅमेरा किती उंचीवर होता, जनावर चौकटीत पूर्ण मावले होते की कापले गेले होते, आवाज कुठे थांबला, हे लोकांना आठवून सांगू दे. दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, असे हमखास घडते. तेव्हा पंच होऊ नकोस, तो एक मिनिटाचा तुकडा पुन्हा लाव. ही सोय प्रोजेक्टर चालवणाऱ्याशी आधी बोलून ठेवावी लागते. प्रमुख पाहुण्यांनाही दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नकोस आणि तो वेळ चित्रपटानंतरच दे, कारण आधी झालेले विद्वत्तापूर्ण भाषण पुढचा सगळा वेळ प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

माझ्याकडून झालेली एक चूक तुला सांगून ठेवतो. फार वर्षांपूर्वी एका संस्थेत मूकपट दाखवताना, लोक कंटाळतील या भीतीने मी त्यामागे सतारीची ध्वनिमुद्रिका लावली. चर्चेत एका वृद्ध चित्रकाराने शांतपणे विचारले, ‘‘हे संगीत कोणाचे?’’ मी सतारवादकाचे नाव सांगितले. ते म्हणाले, ‘‘ते नव्हे. ते इथे कोणी आणले?’’ त्या संध्याकाळी पुढे कोणी चित्रपटावर बोललेच नाही. शांततेने लोक अस्वस्थ होतात हे खरे आहे, पण त्या अस्वस्थतेत ते पडद्याकडे अधिक नीट पाहतात. ‘सिझिजी’ दाखवशील तेव्हा सभागृहातले पंखे आणि वातानुकूलन यंत्राचा आवाजही तपासून घे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. चित्रपटाची डिस्क विकत घेतल्याने तो चारचौघांत दाखवण्याचा हक्क मिळत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी आणि सार्वजनिक प्रदर्शनाचे प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टींची चौकशी किमान दोन महिने आधी सुरू कर. फिल्म्स डिव्हिजनचे चित्रपट आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहेत, तेव्हा पत्र तिथेच पाठवावे लागेल.

तुमच्या दालनाची जमीन सपाट आहे आणि छत उंच. उंच छतामुळे संवाद घुमतात, म्हणून मागच्या भिंतीला जाड पडदे लाव आणि आवाज वाढवण्याऐवजी दोन लहान स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ आण. चित्रांसाठी टांगलेले दिवे पूर्ण मालवता येतात की सुरक्षेसाठी काही चालू ठेवावे लागतात, ते रखवालदारांना विचार. त्यांना उशिरापर्यंत थांबावे लागणार आहे, तेव्हा त्यांच्या जादा वेळेचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धर. सपाट जमिनीवर सबटायटल नेहमी पुढच्याच्या डोक्याआड जातात. पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर येईल इतका तो उचलून घे आणि खुर्च्या एकाआड एक सरकवून मांड.

तारीख ठरली की कळव. मी येईन आणि शेवटच्या रांगेत बसून ओळी वाचता येतात की नाही, ते तुला तिथूनच हात वर करून सांगेन.

तुझा,
काका