वाचक विचारतात : फेस्टिवलची एलईडी वॉल आणि एजन्सीतली रोजची कटकट

प्रश्न : टेक्नॉलॉजी फेस्टिवलमधल्या आमच्या स्टॉलवर ३ × २ मीटरची एलईडी वॉल होती. ऑफिसच्या मॉनिटरवर झकास दिसणारं अ‍ॅनिमेशन तिथे पार ढेपाळलं, बारीक मजकूर वाचताच येईना. व्हेंडर फाइलला नावं ठेवतो, डिझायनर वॉलला. चूक कुणाची?

बहुधा वॉलचे पिक्सेल दोघांनीही मोजले नाहीत. भाड्याने सर्रास मिळणाऱ्या ३.९ मिमी पिचच्या (पिच म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर), ५०० मिमीच्या चौकोनी कॅबिनेटमध्ये, म्हणजे जे जोडून वॉल उभी राहते त्या एका तुकड्यात, १२८ × १२८ पिक्सेल असतात. तुमच्या वॉलला आडवी ६ आणि उभी ४ कॅबिनेटं लागतात. म्हणजे अख्खी वॉल ७६८ × ५१२. तिच्यावर १९२० × १०८० ची फाइल चढवली की ती अडीचपट आक्रसते. २० पिक्सेल उंचीचं अक्षर ८ वर येतं, आणि ८ पिक्सेलमध्ये शिरोरेषा, वेलांटी नि उकार यांची दाटी होऊन नुसती गिचमिड उरते. इंग्रजी मजकूर एक वेळ निभावतो, देवनागरी नाही. त्यात वॉलचं गुणोत्तर ३:२ आणि फाइलचं १६:९, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या, नाहीतर ताणलेला लोगो.

पुढच्या वेळी कोटेशन मागतानाच पिच आणि एकूण पिक्सेल लिहून घ्या आणि आर्टबोर्ड (डिझाइनचं कोरं पान) नेमका त्याच मापाचा करा. डिझाइन १०० टक्के झूमवरच तपासायचं, मोठं करून नाही. देवनागरी मजकूर ३२ पिक्सेलच्या खाली नेऊ नका, हा आमचा ठोकताळा. पिच जितके मिमी, साधारण तितके मीटर लांबून चित्र नीट दिसतं. स्टॉलच जेमतेम ३ मीटर खोल असेल तर २.६ मिमीची वॉल घ्या. त्याच मापात १,१५२ × ७६८ पिक्सेल मिळतात. पांढरं बॅकग्राउंड टाळा. हॉलमध्ये ते डोळ्यांत खुपतं, मग कुणीतरी ब्राइटनेस पार खाली आणतो आणि ग्रेडियंटमध्ये (हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगात) पट्टे उठतात.

केबलचंही बघा. साधी एचडीएमआय केबल १५ मीटर ओढली तर चित्र मधूनमधून जातं. लॅपटॉप वॉलच्या प्रोसेसरच्या, म्हणजे वॉलला चित्र पुरवणाऱ्या डब्याच्या, शेजारी ठेवा; तिथून वॉलपर्यंत नेटवर्क केबल जाते आणि ती १०० मीटरपर्यंत चालते. लॅपटॉपचं स्लीप, नोटिफिकेशन आणि अपडेट आदल्या रात्रीच बंद करा. क्लायंटच्या लोगोवर व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप झळकण्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही नसतं.

प्रश्न : सकाळी सुरळीत चालणारा डेमो गर्दी वाढली की अडकतो. इंटरनेटचा प्लॅन मोठा घ्यावा का?

प्लॅनने फरक पडणार नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. प्रत्येक स्टॉलचा राउटर आणि लोकांच्या खिशातले हॉटस्पॉट त्यावरच तुटून पडतात, शिवाय माणसांची शरीरं सिग्नल शोषतात. आयोजकांकडून वायरवालं कनेक्शन घ्या. तेही बंद पडलं तरी डेमो चालेल अशी ऑफलाइन प्रत लॅपटॉपवर ठेवा आणि नेट काढून ती एकदा चालवून पाहा. हे शेवटचं बहुतेकजण करतच नाहीत.

प्रश्न : एजन्सी मला तीन दिवसांच्या फेस्टिवलला पाठवतेय. आल्यावर टीमला काय द्यायचं?

साठ स्लाइड्स नकोत, कुणी बघत नाही. दिवसाला तीनच सेशन निवडा. ज्यांचं रेकॉर्डिंग मिळणार आहे ती सोडा आणि तो वेळ वर्कशॉप नि स्टॉलना द्या. स्टॉलवर ‘हे कसं केलं’ याआधी ‘काय बिघडतं, चालवायला किती माणसं लागतात’ हे विचारा; खरा खर्च तिथे कळतो. रोज रात्री प्रत्येक गोष्टीच्या चार ओळी लिहा : काय पाहिलं, आपल्या कोणत्या क्लायंटला चालेल, किती वेळ लागेल, कुणाशी बोलायचं. परतल्यावर वीस मिनिटांत तीन गोष्टी दाखवा. विमानाने जात असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही; २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ भरते.

प्रश्न : मी बाहेर असताना क्लायंटचे बदल चौघांकडून चार तऱ्हेने येतात आणि ‘फायनल-फायनल-२’ नावाची फाइल छपाईला जाते.

जाण्याआधी क्लायंटकडचा एक आणि एजन्सीतला एक माणूस ठरवा, बदल फक्त त्या दोघांतूनच जातील. फोनवर सांगितलेला बदल क्रमांक घालून मेलवर लिहून घ्यायचा आणि तिकडून होकार आल्याशिवाय फाइल उघडायची नाही. ‘जरा उठाव द्या’ हा बदल नव्हे. हेडलाइन, फोटो की रंग, हे विचाराच. फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्दच नको : वर्ष-महिना-दिवस, कामाचं नाव, आवृत्ती क्रमांक. छपाईची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्या फोल्डरमध्ये एका वेळी एकच.