किडनी प्रत्यारोपणानंतरचे जुलाब

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी माझ्या यजमानांना सासूबाईंची किडनी बसवली. दोन आठवड्यांपासून त्यांना बारीक ताप व जुलाब आहेत आणि कालपासून शौचातून रक्त पडते. सीएमव्ही विषाणूची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, तरीही डॉक्टर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सुचवतात. नातेवाईक म्हणतात की, मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधामुळे पोट बिघडते, ती गोळी थांबवून पाहावी. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गोळी परस्पर थांबवू नये आणि कोलोनोस्कोपी लांबवू नये. रक्त पडू लागल्याचे आजच प्रत्यारोपण केंद्राला कळवावे.

सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू, आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून सुप्तावस्थेत असतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दबलेली असते, आणि प्रतिबंधासाठी दिलेली व्हॅलगॅन्सिक्लोव्हीर बंद झाल्यावरच्या महिन्यांत तो अनेकदा डोके वर काढतो. पचनमार्ग हे त्याचे नेहमीचे ठिकाण. मोठ्या आतड्यात व्रण होतात, त्यांतून रक्त जाते आणि क्वचित आतड्याला छिद्रही पडते. स्टेरॉइड चालू असल्यास छिद्र पडूनही पोट फारसे दुखत नाही, म्हणून ‘दुखत नाही ना, मग थांबू’ हा हिशेब येथे धोक्याचा ठरतो.

विषाणू आतड्याच्या भिंतीत असूनही रक्तात न सापडणे ही जाणकारांना परिचित गोष्ट आहे. म्हणूनच कोलोनोस्कोपी करून व्रणाचा तुकडा काढून तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या पेशी आणि त्यांच्या केंद्रकात फिकट कडे असलेला गडद ठिपका दिसला, की निदान पक्के होते.

नातेवाइकांची शंका अगदीच निराधार नाही, कारण मायकोफेनोलेटने जुलाब होतातच. पण ताप आणि रक्त यांचे कारण केवळ त्यावर ढकलता येत नाही. मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे, अन्यथा शरीर किडनी नाकारण्याची भीती असते.

सीएमव्ही निघाल्यास गॅन्सिक्लोव्हीर शिरेतून देतात. किडनीचे काम नीट असेल तर नेहमीची मात्रा दर 12 तासांनी किलोमागे 5 मिलिग्रॅम असते. उपचार किमान दोन आठवडे चालतो आणि त्या काळात पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावे लागते. जुलाबांत टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाची रक्तातील पातळी वाढून हात थरथरतात व क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातील घटक) चढते, त्यामुळे सकाळच्या गोळीआधीची पातळी तपासून घ्यावी. जुलाब रोखणारी गोळी किंवा वेदनाशामक घरच्या घरी देऊ नये. व्हॅलगॅन्सिक्लोव्हीर कधी बंद झाली, ती तारीख लिहून सोबत न्यावी.